सत्तावीस तारखेचा नाताळ

आमच्या घरी नाताळ सत्तावीस तारखेला यायचा. यात धर्माचा, पंथाचा काही वाद नव्हता. नवरा बेकरीवाला, एवढंच कारण.

ज्यांच्या घरात बेकरी नाही त्यांना हे समजावून सांगावं लागतं. वीस तारखेपासून आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. केकच्या ऑर्डरी, पावाच्या ऑर्डरी, वर आयत्या वेळी येणारे, "आमचं नाव लिहून घेतलं होतं ना तुम्ही?" असं ठणकावून विचारणारे, ज्यांचं नाव कुठेच नसायचं. चोवीसच्या दुपारी भट्टी पेटली की पंचवीसच्या दुपारीच विझायची. हे मागे पीठ मळायचे, मी पुढे काउंटरवर उभी. दोन वाजता शटर ओढलं की आम्ही जिना चढून वर घरी यायचो आणि हे पलंगावर पडायचे ते पडायचेच. बूटसुद्धा मी काढायची. सव्वीसला पुन्हा अर्धा दिवस दुकान, कारण सणाला सगळं खाऊन झालेल्या लोकांना सव्वीसच्या सकाळी घरात साधा पाव नाही हे आठवायचं. मग सत्तावीसला दुकान बंद, नवरा जागा, मी माणसात. म्हणून सत्तावीस.

मुलांना, म्हणजे मोठीला आणि धाकट्याला, त्याची सवय झाली होती. सव्वीसच्या संध्याकाळी आम्ही चौघं बाजारात जायचो. तोवर सगळ्या दुकानांत सजावटीचं सामान निम्म्या किमतीत निघालेलं असायचं आणि झाडवाल्याकडे कोणी न घेतलेली झाडं उरलेली असायची. एका बाजूला फांद्याच नाहीत, शेंडा वाकडा, असली. मोठी त्यातलं सगळ्यात वाकडं झाड निवडायची आणि धाकटा ते भिंतीशी कुठल्या बाजूने टेकवलं तर बरं दिसेल यावर अर्धा तास खल करायचा. सत्तावीसला सकाळी भेटवस्तू, मग मोठ्या पातेल्यातलं सूप, बटाटे, मटण. पाव मात्र नाही. हा यांचा एकमेव कायदा होता. "आज माझ्या डोळ्यांसमोर पावाचा तुकडाही नको," म्हणायचे, आणि मुलं खिदळत भाताने सूप पुसायची.

आता हे सांगताना गोड वाटतं. तेव्हा मला ते गोड वाटत नव्हतं. तेव्हा माझ्या मनात एक काटा रुतून बसला होता.

मोठी दुसरीत असताना बाईंनी वर्गाला निबंध घातला, सुट्टीत नाताळच्या दिवशी तुम्ही काय केलं. पोरीने लिहिलं, "बाबा झोपले. आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. मी आणि भावाने उरलेला केक खाल्ला. मग अंधार पडला." बाईंनी मला शाळेत बोलावून ते पान दाखवलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचीही ओढाताण होत असेल." मी घरी येईपर्यंत रस्ताभर डोळे पुसत आले. सगळ्या जगाची पोरं त्या दिवशी आईबापाच्या मांडीवर, आणि माझी पोरं दोन झोपलेल्या माणसांच्या पहाऱ्यावर. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की हे काम एकदाचं सुटलं की माझ्या मुलांना मी एक खरा नाताळ देईन. पंचवीस तारखेचा. चारचौघांसारखा.

काम सुटायला पुढे सव्वीस वर्षं गेली. तोवर मोठी नर्स झाली, बसने दोन तासांवरच्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात लागली, लग्न झालं, तिला मुलगी झाली. धाकटा जमिनी मोजून नकाशे काढायच्या कामाला लागला, तो पार दूर, विमानाने यावं लागतं इतका. दोघं यायची मात्र सत्तावीसला. एक वर्ष चुकलं नाही. यंदा उन्हाळ्यात यांचे गुडघे बोलू लागले आणि आम्ही बेकरी चालवायला देऊन टाकली. घर वरचंच राहिलं. खालून अजूनही पावाचा वास येतो, फक्त तो आता दुसऱ्याच्या हातचा.

सप्टेंबरमध्येच मी दोघांना फोन केला. यंदा पंचवीसला या, म्हटलं. बाबा मोकळे, मी मोकळी, यंदा वेळेवर करू.

मोठी म्हणाली, "आई, पंचवीस कसं जमेल? पंचवीसला आम्ही ह्यांच्या आईकडे असतो ना. दरवर्षीच."

धाकटा म्हणाला, "पंचवीसला आम्ही हिच्या माहेरी. अगं, सत्तावीसचं तिकीट काढूनसुद्धा झालं. आई, तुला माहितीये, माझे सगळे मित्र या तारखेवरून बायकांशी भांडतात. कोणाच्या घरी जायचं, तुझ्या की माझ्या. आमच्याकडे भांडणच नाही! पंचवीस त्यांचा, सत्तावीस आपला."

म्हणजे बघा. जी गोष्ट मी आयुष्यभर लाज म्हणून सांभाळली, ती व्याह्यांच्या सोयीची निघाली. मी सव्वीस वर्षं थांबले आणि माझ्या पंचवीसवर दुसरंच कोणी जाऊन बसलं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात मोठीने पुन्हा फोन करून समजुतीच्या सुरात, पेशंटशी बोलतात तसं म्हटलं, "अगं, दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

"पडतो," मी म्हणाले. "कारण सत्तावीसला आम्ही घरी नाही."

"नाही? कुठे जाताय?"

आता एकदा तोंडातून गेलं ते गेलं. "समुद्रावर," मी म्हणाले. "बाबांचा तो जुना मित्र आहे ना, पिठाच्या गिरणीवाला. त्याने तिकडे घर घेतलंय. कधीचा बोलावतोय. सव्वीसला निघायचं, नवीन वर्ष लागल्यावर परत."

गिरणीवाला मित्र खरा होता. त्याने समुद्रावर घर घेतल्याचं मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. एक थाप झाकायला दहा थापा माराव्या लागतात. पुढच्या दोन महिन्यांत मी त्या घराला गच्ची काढली, दोन खोल्या काढल्या, गिरणीवाल्याच्या बायकोला संधिवात दिला. मला वाटत होतं, मुलं म्हणतील, "बरं बाई, येतो पंचवीसला, पण जाऊ नका." मुलं म्हणाली, "छान! बाबांना बदल मिळेल." आणि विषय संपला.

हे शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर एकदाच म्हणाले, "अगं, आपण खरंच जाणार आहोत का?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले.

असा तो पंचवीस आला. माझा पंचवीस.

सकाळी उठून मी टेबलाची घडीची फळी उघडली, सवयीने. मग दोन माणसांना ती कशाला, म्हणून पुन्हा मिटली. हे आधीच उठलेले, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि खोलीच्या मध्यभागी उभे. या माणसाने पस्तीस वर्षांत पंचवीस तारखेची सकाळ घरातून पाहिली नव्हती. कुठे बसायचं तेच त्यांना कळेना. खिडकीपाशी गेले, खाली दुकानापुढची रांग पाहिली, म्हणाले, "उशीर करतायत. आत्तापर्यंत दुसरा घाणा बाहेर यायला हवा होता." परत येऊन बसले. पुन्हा उठले. शेवटी म्हणाले, "मी जरा चार बन करतो. तुझ्यामाझ्यापुरते."

"करा," मी म्हणाले. निदान पायात घुटमळणार तरी नाहीत.

चूक माझी. या माणसाला चार बन करता येत नाहीत हे मला माहीत असायला हवं होतं. जन्मभर पोत्याच्या हिशोबात पीठ मळलेलं. एक पोतं मैदा, त्याला इतकं पाणी, इतकं यीस्ट, ते सगळं हातात बसलेलं. वाटीचं माप त्यांच्या हाताला कळतच नाही. मी आंघोळ करून येते तो पाच किलोची आख्खी पिशवी परातीत रिकामी झाली होती.

"अहो!"

"यापेक्षा कमीत मला अंदाज येत नाही," ते म्हणाले. ओशाळले होते, पण हात थांबले नव्हते.

ते पीठ फुगलं. परातीतून बादलीत गेलं, बादलीतून धुण्याच्या टबात. आमच्या घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी बारा बन मावतात. साडेआठला पहिला घाणा बसला आणि बारा वाजले तरी माणूस ओव्हनपुढे उभा, अंगात इस्त्रीचा शर्ट, कोपरापर्यंत मैदा, आणि चेहऱ्यावर बेकरी दिल्यापासून न पाहिलेला आनंद. टेबलावर बन, पलंगावर चादर घालून बन, धाकट्याच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर बन. मोजले नाहीत, पण शंभराच्या वर असतील. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

"आता याचं काय करायचं?" मी विचारलं.

"वाटू," ते म्हणाले. "तू काउंटर सांभाळ."

मग मी टोपलीत बन भरून बिल्डिंगमध्ये आणि गल्लीत दारोदार फिरले. आणि प्रत्येक दारात तोच प्रश्न. "अय्या, गरम आहेत! मुलं नाही आली?" पहिल्या दारात मी म्हणाले, "सत्तावीसला येतात ती." जिभेला वळणच तेच. मग आठवलं की सत्तावीसलाही येणार नाहीत. दुसऱ्या दारापासून मी म्हणायला लागले, "यंदा नाही जमलं."

पण त्या निमित्ताने मी लोकांचा पंचवीस पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा. काउंटरवरून मला फक्त सणाला जाणारी माणसं दिसायची, सण दिसायचा नाही. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे तीन पिढ्या जमलेल्या, आणि बाई स्वतः एकट्या ओट्यापाशी भांड्यांच्या ढिगासमोर, डोळे लाल. "कांदा," म्हणाल्या. कांदा कुठे दिसला नाही. समोरच्या पोस्टमनच्या घरी दोन पोरं एका खेळण्यातल्या गाडीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटत होती आणि पोस्टमन सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होता. कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या घरी सून आणि सासू एकमेकींशी नातवामार्फत बोलत होत्या. घरोघरी मातीच्या चुली. मी रिकामी टोपली घेऊन जिन्यात उभी राहिले आणि मला हसू यायला लागलं. या पोस्टमनच्या घोरण्यासाठी मी सव्वीस वर्षं झुरले होते! पण हसू पुरतं आलं नाही, कारण झिंज्या उपटणारी का होईना, त्यांची पोरं त्यांच्या घरात होती.

घरी आले तेव्हा फोन वाजत होता आणि यांनी उचललेला होता. मैद्याच्याच हाताने.

"हो, हो. तुला पण. कोण, आई? बन वाटायला गेलीये... निघायचं? कुठे?"

मी दारातूनच हात हलवायला लागले. यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जे करू नये तेच केलं. विचार केला.

"नाही गं," ते म्हणाले. "आम्ही कुठे जाणार? समुद्र वगैरे सगळं तुझ्या आईचं."

या माणसाला शिळा पाव कधी ताजा म्हणून विकता आला नाही. त्याच्याकडून मी काय अपेक्षा ठेवली होती? मी फोन हातात घेतला.

मोठी फोनवरच होती. मागून ताटं लावल्याचे आवाज येत होते, माझ्या नातीचा आवाज येत होता. मग तिच्याकडचं एक दार लागल्याचं ऐकू आलं.

"आई, खोटं का बोललीस?"

"तुम्ही पंचवीसला यावं म्हणून."

"पण पंचवीसच का?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी निबंधाचं सांगितलं. बाईंनी हातावर हात ठेवल्याचं सांगितलं. म्हणाले, "मला तुमची कीव यायची गं. सगळ्यांचा सण असायचा आणि तुम्हाला मी दोन दिवसांनी उरलंसुरलं द्यायची. वाटलं, मरायच्या आधी एकदा तरी खरा नाताळ द्यावा तुम्हाला."

"खरा," ती म्हणाली. "मग आमचा काय खोटा होता?"

मी फोनला लागलेला मैदा पदराने पुसत राहिले.

"आई, त्या निबंधातल्या दिवशी काय झालं होतं तुला माहीतच नाही. तुम्ही झोपलात, आख्खं घर आमचं. आम्ही दोघांनी पलंगाखाली बसून हाताने केक खाल्ला. याने केकच्या डब्याची टोपी केली. पडदे ओढून अंधार केला आणि एकमेकांना विचारत बसलो, सत्तावीसला काय काय होणार. माझ्या आठवणीतला तो सगळ्यात चांगला दिवस आहे. मला तेव्हा नीट लिहिता आलं नाही, दुसरीत होते मी. माझ्या मुलीला मी सांगत आले, जगाचा नाताळ संपला ना, की मग आमचा सुरू व्हायचा. आम्हाला दोन होते. आणि तू म्हणतेस तुला आमची कीव यायची? इतकी वर्षं? सूप वाढताना पण?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं? तुम्ही घरी नाही म्हणून मी माझी सत्तावीसची सुट्टी दुसऱ्या नर्सला देऊन टाकली, तिने तिकीट काढलं. हे उद्या पोरीला घेऊन त्यांच्या काकांकडे चाललेत. भावाने विमानाचं तिकीट रद्द केलं. आता सांगून काय उपयोग आहे?" आणि तिने फोन ठेवला. माझ्या पोरीने माझा फोन असा कधी ठेवला नव्हता.

सव्वीसला धाकट्याचा फोन आला. आधी हसला. "गिरणीवाल्या काकूंचा संधिवात कसा आहे?" मग हसणं संपलं. "आई, ताई काल रडली. मी तिला रडताना कधी ऐकलं नाहीये. मला आता तिकीट मिळत नाही, मी पाहिलं. पण तू तिचं काहीतरी कर."

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते तिचं शेवटचं वाक्य, सूप वाढताना पण? कारण खरं उत्तर होतं, हो. सूप वाढतानाही मी मनात हिशोबच करत असायची की याला दोन दिवस उशीर झालाय. मुलं ज्या घरात सण करत होती त्या घरात मी कधी हजरच नव्हते. ती चौघं होती असं मी म्हणते, पण होती तिघंच. चौथी मनाने पंचवीस तारखेतच अडकून शाळेच्या बाईंसमोर उभी होती.

सत्तावीसला पहाटे मी यांना हलवलं. "उठा. जायचंय."

"समुद्रावर?" ते दचकून म्हणाले.

"समुद्र जाऊ दे खड्ड्यात. पोरीकडे."

सूप केलं, थर्मासमध्ये भरलं, डब्यात भात घेतला, आणि सातची बस पकडली. बस निम्मी रिकामी होती. हे सगळा वेळ थर्मास मांडीवर धरून बसले, कोणी हिसकावून घेईल अशा धास्तीने.

हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत मी मोठीच्या वॉर्डाचं नाव सांगितलं. तिथल्या बाईंनी वर फोन लावला. "एक वाजता जेवणाची सुट्टी होईल त्यांची. पंचवीस मिनिटं. कॅन्टीनमध्ये बसा."

आम्ही साडेनऊपासून बसलो. कॅन्टीन तळमजल्यावर, निळ्या टेबलांचं, एका भिंतीवर मोठं घड्याळ, आणि काचेवर चिकटवलेला कापसाचा बर्फ एव्हाना निम्मा गळून पडलेला. एक वाजला. दीड वाजला. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी येत होत्या, भराभर खाऊन जात होत्या, आमची त्यात नव्हती. मी काय बोलायचं ते मनात घोळवत होते. चांगलं लांबलचक तयार केलं होतं. दोन वाजता हे म्हणाले, "मी रात्रभर खाली भट्टीवर असलो की तुला असं व्हायचं का?"

"कसं?"

"असं. आत्ता येईल, आत्ता येईल."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि थर्मास या हातातून त्या हातात घेतला. पस्तीस वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं.

अडीचला ती आली. दारातच थबकली. केस विस्कटलेले, पायात ते पांढरे रबरी बूट, डोळ्यांखाली काळं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, मग थर्मासकडे. मला वाटलं, परत फिरते की काय. पण ती आली आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसली.

"तुम्ही इथे कसे?"

"जेवलीस का?" मी विचारलं. इतकं घोळवलेलं, आणि तोंडातून आलं हे.

"सकाळपासून बसायला मिळालं नाही. एक आजोबा..." तिने वाक्य सोडून दिलं.

मी सूप ओतलं. ती तीन चमचे प्यायली. मी म्हणाले, "हे बघ, परवा मी जे..." आणि पाहते तो तिचा चमचा वाटीत तसाच, आणि मान हळूहळू खाली चाललेली. तिने डोकं टेबलावर टेकवलं आणि झोपली. तिच्या बापासारखीच, बघता बघता.

यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला! मी माझी शाल घडी करून तिच्या गालाखाली सरकवली. बाकी काही केलं नाही. माझं भाषण तिथेच राहिलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी बसून राहिलो, सूप निवत होतं, शेजारच्या टेबलावर कोणी मोठ्याने बोललं की हे त्यांच्याकडे डोळे वटारून पाहायचे. ती लहानपणी झोपायची तशीच झोपली होती, एक हात डोक्यावर घेऊन. मी पाहत राहिले. मनात दुसरी कुठली तारीख नव्हती, कुठल्या बाई नव्हत्या. मी हजर होते.

तीनला पाच कमी असताना मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कामावरच्या माणसाला वेळेवर उठवायची सवय मला जुनी आहे.

"झोपले मी?" ती दचकून उठली. गालावर शालीची नक्षी उमटली होती. "आई, मला उठवायचं नाही का? काही बोललो पण नाही आपण."

"मी चुकले," मी म्हणाले. "एवढंच बोलायचं होतं. तुमचा नाताळ खरा होता. मीच तिथे नव्हते."

ती वाटीतलं गार सूप उचलून उभ्याउभ्या एका दमात प्यायली. मग तोंड पुसून म्हणाली, "पुढच्या वर्षी सत्तावीसला सुट्टी मिळेलच असं नाही. एकदा दिली की पुन्हा नंबर लागायला वेळ लागतो."

"मग अठ्ठावीसला."

"नाही जमलं तर?"

"तर तीसला. जानेवारीत. तू आणि तो तारीख ठरवा, आम्ही झाड तोवर भिंतीला टेकवून ठेवू."

तिच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू आलं. "आणि तेव्हा तुम्ही समुद्रावर असलात तर?"

हे मोठ्याने हसले. मीही हसले.

"नाही गं," मी म्हणाले. "आम्ही आता घरीच असतो. रोज."

ती जायला निघाली होती, वळलीही होती. घड्याळात तीन वाजले होते, तिची सुट्टी संपली होती. ती परत फिरली, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि आणखी एक मिनिट बसली.